हाक मारायची रीत

मानेवर जोंधळ्याचे दाणे आले तशी मी वळले. गिरणीच्या दारात धनू उभा होता, आंघोळ करून, नवा सदरा घालून, मुठीत उरलेले दाणे घेऊन. त्यानं घराकडे मान झटकली. म्हणजे चल, आई ताट करून बसलीय, आज भाऊबीज आहे.

आमच्या घरात मला असंच बोलवायचे. मी तीन वर्षांची असताना तापात माझे कान गेले, तेव्हापासूनची ही रीत. मी पाठमोरी असले की कुणीतरी काहीतरी फेकायचं. आई हाताशी येईल ते फेकायची, बहुतेक वेळा धान्य. अण्णा चप्पल फेकायचे. मारायला नव्हे हो, बोलवायलाच, पण चप्पल ती चप्पल. धनू लहानपणी रबरी चेंडू फेकायचा आणि एकदा, आठवीत असताना, त्यानं तराजूतलं वजन फेकलं होतं. त्याची खूण माझ्या उजव्या कानामागे अजून आहे. तो कान तसाही काही कामाचा नव्हता, म्हणून कुणी फारसं वाईट वाटून घेतलं नाही.

कऱ्हाडात आमची पिठाची गिरणी जुनी. पुढे गिरणी, मागे घर. गिरणी चालू असली की गिऱ्हाइकंही माझ्याशी खुणांनीच बोलायची. बोटांची चिमूट चोळली की बारीक, मूठ हलवली की जाड भरडा. पट्टा फिरत असेपर्यंत सगळं गाव माझ्यासारखंच बहिरं असायचं. मशीन बंद झालं की मी एकटी.

घरच्यांना येत होत्या त्या खुणा म्हणजे जेव, ये, जा, झोप. पाहुणे आलेत, माळ्यावर जा. आणि ओठांवर बोट, म्हणजे गप्प. बहिऱ्या मुलीला गप्प कशाला सांगायचं, असं तुम्हाला वाटेल. माझ्या तोंडून मला न कळत आवाज निघतो. तो ऐकवत नाही म्हणे.

तर त्या भाऊबीजेला मी धनूला ओवाळलं. मी सव्वीस वर्षांची होते, तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यानं ताटात काहीच टाकलं नाही. आईनं डोळे वटारले. तेव्हा त्यानं कोनाड्यातली पाटी काढली. माझ्याशी काही मोठं बोलायचं असलं की घरात ही पाटी निघायची. तिच्यावर त्यानं लिहिलं, ‘मी तुझी भाषा शिकणार. हीच ओवाळणी.’

मी खाली लिहिलं, ‘का?’

‘तुझ्याशी बोलायचंय.’

मी रडायला लागले. आईला वाटलं, ओवाळणी मिळाली नाही म्हणून रडतेय. तिनं धनूच्या पाठीत एक धपाटा घातला.

त्या दिवसांत दुपारभर वीज नसायची. गिरणी बंद. अण्णा आत जाऊन झोपायचे आणि आम्ही दोघं गव्हाच्या पोत्यांवर समोरासमोर बसायचो. मी त्याला शिकवायला लागले. पाणी, पीठ, चाळण, पट्टा. मग काल, आज, उद्या. मग राग, हसू, लाज. मला आधी शिव्या शिकवायच्या होत्या, कारण शिव्या पटकन येतात. त्याला त्यात रस नव्हता.

ही भाषा मला कुणा शिक्षकानं शिकवलेली नाही. मी ज्या वसतिगृहाच्या शाळेत होते तिथे खुणांना बंदी होती. ओठ बघा आणि आवाज काढा, एवढंच शिक्षण. हात हलवले की बाई रिबिनीनं मनगटं बांधायच्या. आम्ही मुली न्हाणीघरामागे धुणं वाळत घालताना एकमेकींकडून बोलायला शिकलो. शाळा सुटली, मैत्रिणी आपापल्या गावी गेल्या आणि माझे हात मुके झाले. नऊ वर्षं मी स्वतःशीच बोलत होते, पिठाच्या डब्यावर बोटं नाचवत. आई म्हणायची, चाळे करू नकोस.

आणि आता समोर माझा भाऊ बसला होता.

आमच्यात माणसाला खुणेचं नाव असतं आणि ते बहिऱ्या माणसानंच द्यायचं असतं. धनूच्या भुवयांवर कायम पीठ असायचं. म्हणून भुवईवरून बोट फिरवायचं, पीठ पुसल्यासारखं, की झाला धनू. त्याला हे नाव फार आवडलं. दिवसभर येता-जाता भुवई पुसून दाखवायचा.

एक गोष्ट मात्र त्याला शेवटपर्यंत जमेना.

‘हातांकडे नको बघू. माझ्या तोंडाकडे बघ.’

‘मग हात कसे दिसणार?’

‘दिसतात.’

‘तोंडावर काय आहे?’

‘अर्धं वाक्य तिथंच असतं.’

तो हसायचा, घटकाभर माझ्या तोंडाकडे बघायचा आणि पुन्हा त्याची नजर हातांवर. बिस्किटाकडे बघणाऱ्या कुत्र्यासारखी. मी म्हटलं, येईल हळूहळू. घरात राहणाऱ्या माणसाला घाई कसली?

पण त्याला घाई होती. तो शब्द मागायचा. वडील. मान. जबाबदारी. विश्वास. आयुष्यभर.

‘हे कशाला रे? पिठाच्या गिरणीत?’

‘सगळेच शब्द यायला हवेत ना?’

मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं मला. माझे कान भरणारं कुणी नसतं, त्यामुळे माणसांबद्दलची मतं मी माझ्या डोळ्यांनीच बनवते, आणि माझे डोळे त्या थंडीत आनंदानं आंधळे झाले होते.

एका दुपारी मी त्याला रागिणीची गोष्ट सांगितली. रागिणी वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटवर झोपायची. मागच्या पाण्याच्या हौदात ती पडली. तिनं आवाज काढले असणार, जीव तोडून काढले असणार. हौदाशेजारच्या खोलीत मावशी होत्या, त्यांना ते ऐकूही आले. नंतर त्याच म्हणाल्या, बहिऱ्या पोरी काय, उगाच ओरडतात, लक्ष कोण देणार. आम्ही मुली दहा पावलांवर धुणं पिळत होतो आणि आमची पाठ होती. मी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? पाटीवर मावत नाही ते.

धनू बघत होता. माझं संपल्यावर म्हणाला, ‘पुन्हा सांग. हळू.’

मी पुन्हा सांगितलं. त्यानं आणखी एकदा सांगायला लावलं आणि माझ्याबरोबर हात हलवले. हौद. पाठ. ओरडणं. मला वाटलं, माझं दुःख तो आपल्या हातांवर घेतोय. मी त्याचे हात धरून त्यावर डोकं टेकलं. माझ्या जन्मात मी एवढी सुखी कधी नव्हते, हे सांगताना मला आज लाज वाटते, पण ते खरं आहे.

माघात आईनं मला नवी साडी आणली. मी विचारात पडले. धनू पोत्यावर येऊन बसला.

‘मुलगी बघायला जायचंय. सांगलीला. तूही चल.’

‘मी? मला माळ्यावर नाही ठेवणार?’

‘नाही. तू पुढे.’

मुलीचं नाव शलाका. कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची, कऱ्हाडला खोली घेऊन राहायची. धनू तिथे शिकायला गेला आणि तिच्यात अडकला. फोटो दाखवला त्यानं. मुलगी छान होती, हसताना डोळे बारीक करणारी. मी विचारलं, ‘तिला माझ्याबद्दल सांगितलंस?’ तो म्हणाला, ‘सगळ्यात आधी तुझ्याबद्दलच सांगितलं.’ मी नवी साडी अंगावर धरून आरशात तीनदा बघितली.

सांगलीला त्यांच्या फाटकातून आई-अण्णा पुढे गेले. धनू माझ्या आडवा आला.

‘ते विचारतील, मी ही भाषा केव्हा शिकलो. सांग, लहानपणापासून.’

‘कोण विचारतील?’

‘तिचे आई-वडील.’

‘मला? मला ते कसे विचारतील?’

तिकडे अण्णांनी बेल दाबली आणि दारावरच्या काचेतून मला दिसलं. आत एक लाल दिवा पेटला, विझला, पुन्हा पेटला.

बहिऱ्यांच्या घरात बेल वाजत नाही, पेटते.

वडील. मान. जबाबदारी. विश्वास. आयुष्यभर. हे शब्द कुणासाठी हवे होते ते मला त्या दारात कळलं. मी पाटी होते. मुलं गिरवायला घेतात ना, तशी. गिरवून झालं की ओल्या फडक्यानं पुसायची.

‘ताई, एवढं कर,’ तो म्हणाला. ‘तिनं हो म्हटलं ते याच्यामुळेच. मी तुझ्याशी लहानपणापासून बोलतो, हे तिला फार आवडलं. फक्त एवढं कर.’

दार उघडलं होतं. मी आत गेले.

शलाकाचे वडील, अरविंद कुंभोजकर, जन्मापासून बहिरे. त्यांनी छापखान्यात मशीन चालवण्यात आयुष्य काढलं होतं. बायको इंदुमतीबाई, त्याही तशाच. एकटी शलाका ऐकणारी. ती तोंडानं बोलता बोलता हातही चालवायची, त्यामुळे घरातलं सगळं सगळ्यांना कळायचं. मी असं घर कधी पाहिलं नव्हतं. अरविंदरावांनी नमस्कार अण्णांना केला आणि पहिला प्रश्न मला विचारला.

‘शाळा कुठली तुझी?’

मी सांगितली. त्यांनी ‘पाणी’ची खूण करून दाखवली, अगदी आमच्या वसतिगृहातली, आणि डोळे मिचकावले. ‘त्या शाळेच्या मुली असंच पाणी मागतात. आम्ही सांगलीचे वेगळं मागतो.’ मग, आल्या आल्या खुणेनं पाणी मागणाऱ्या धनूकडे वळून, ‘तू पण पाणी मुलींसारखं मागतोस रे!’

सगळे हसले. शलाकानं हसत हसत ते आई-अण्णांना सांगितलं. धनूचा चेहरा फुलला. मुलीसारखं पाणी मागतो म्हणजे बहिणीकडून शिकलाय, याहून मोठा दाखला कुठला? शलाका त्याच्याकडे अशी बघत होती, जशी भाऊबीजेपासून मी बघत आले होते.

मग त्याला चेव आला. अरविंदरावांनी विचारलं, ‘तुम्ही बहीण-भाऊ काय बोलता एकमेकांशी?’ आणि तो म्हणाला, ‘सगळं. तिनं मला लहानपणी एक गोष्ट सांगितली होती. तिच्या मैत्रिणीची.’

त्यानं हात उचलले आणि रागिणी सांगायला सुरुवात केली.

हौद. पाठ. ओरडणं. माझ्याच खुणा, माझ्याच क्रमानं. मी जिथं थांबले होते तिथं तो थांबला. मी जिथं डोळे पुसले होते तिथं त्यानं भुवई चोळली. इंदुमतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तो म्हणाला, ‘मी दहा वर्षांचा होतो. आम्ही दोघं खूप रडलो.’ तो दहा वर्षांचा असताना रागिणी जिवंत होती.

मी चिवड्याच्या बशीकडे बघत राहिले. माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट होती आणि ती त्यानं पोह्यांबरोबर वाढली होती.

अरविंदराव मात्र रडले नाहीत. त्यांनी धनूला काहीतरी विचारलं, मुद्दामच भरभर. धनूची नजर त्यांच्या हातांवर गेली आणि तिथंच राहिली. अरविंदरावांच्या चेहऱ्यावर हसू होतं, म्हणजे ते थट्टा करत होते. धनूला थट्टा दिसलीच नाही. त्यानं गंभीरपणे उत्तर दिलं. अरविंदरावांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

इंदुमतीबाईंनी मला खिडकीपाशी नेलं. त्यांनी पडद्यांवर भरतकाम केलेलं होतं, ते दाखवायला. मी पडदा हातात घेऊन उलटसुलट करून बघत होते. खोलीकडे माझी पाठ होती.

मागे आई धनूला म्हणाली असणार, तिला बोलव, ओटीची पिशवी तिच्याकडे आहे. आणि धनूनं मला बोलावलं.

शेंगदाणा मानेवर आपटला. चिवड्यातला, तळलेला.

मी लगेच वळले. तेही सवयीनंच. भुवया उंचावून, ‘काय?’ अशी मान हलवून, दोन पावलं पुढेसुद्धा आले. वळताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नव्हतं. मग खोली दिसली. शलाकाचा हात तोंडावर होता. इंदुमतीबाई जमिनीवरच्या त्या शेंगदाण्याकडे बघत होत्या. धनूचा हात अजून हवेत होता, आणि आपला हात आपल्यालाच ओळखीचा नसावा तसा तो त्याच्याकडे बघत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

आई-अण्णांना मात्र काही झालंय हे कळलंच नव्हतं. अण्णा चहा पीत होते.

‘हे काय?’ अरविंदरावांनी विचारलं.

धनूनं घाईघाईनं हात हलवले. ‘गंमत. आमची लहानपणापासूनची गंमत.’

अरविंदरावांनी त्याच्यापुढे तळहात धरला. थांब. मग माझ्याकडे वळले.

‘मी तिला विचारतोय. घरात तुला असं बोलवतात?’

आणि ते वाट बघत राहिले. मला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलेला तो माझ्या आयुष्यातला पहिला वडीलधारा माणूस. मी धनूकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच तो माझ्या हातांकडे बघत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता. भिकाऱ्यासारखा.

‘गंमत’ ही एक खूण करायची होती मला. फार सोपी आहे, एका हाताची. मी ती केली असती तर धनूचं लग्न झालं असतं. शलाका घरात आली असती, हात चालवणारी शलाका. तीही माझ्याशी बोलली असती. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. मी काही भोळी नाही.

पण त्यानं रागिणीला हात लावला होता.

‘हो,’ मी म्हटलं. ‘असंच. आई दाणे फेकते. वडील चप्पल. तो पूर्वी चेंडू फेकायचा.’ मग मी केस बाजूला केले, त्यांच्यापुढे मान वाकवली आणि कानामागची खूण दाखवली. ‘हे तराजूचं वजन.’

शलाका माझं बोलणं माझ्या आईला तोंडानं सांगत होती. इथे तिचं तोंड थांबलं.

‘काय म्हणतीय ती?’ आईनं विचारलं. तिचे ओठ मला सगळ्यात चांगले वाचता येतात. ‘काय गं, काय म्हणतीय?’

शलाका माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या खुणा स्वच्छ होत्या.

‘तो केव्हापासून बोलतो तुझ्याशी?’

‘दिवाळीपासून.’

‘दिवाळीपासून?’

‘भाऊबीजेपासून. आणि ती गोष्ट त्याला मी संक्रांतीच्या आधी सांगितली. त्यानं तीनदा सांगायला लावली. पाठ करायला.’

ती धनूकडे वळली आणि तोंडानं काहीतरी विचारलं. धनू तोंडानं काहीतरी बोलला, बरंच बोलला. मला तो पाठमोरा होता. शलाकाचा चेहरा तेवढा दिसत होता आणि त्यावरून मला सगळं ऐकू आलं म्हणा. तिनं टेबलावरचे कप गोळा करायला घेतले. अण्णांचा कप अर्धा होता, तोही उचलला.

आईला तेव्हा कुठं उलगडा झाला. ती उठून उभी राहिली आणि मनापासून, अगदी न समजून म्हणाली, ‘आता ऐकूच येत न्हाई तिला, तर हाक कशी मारायची हो माणसानं?’

शलाकानं कप हातातून ठेवले आणि ते वडिलांना सांगितलं, जसंच्या तसं. अरविंदराव सोफ्यावरून उठले. हळूहळू खोली ओलांडून माझ्याकडे आले. मला वळायला सांगितलं. मी पाठ केली. मग त्यांची दोन बोटं माझ्या खांद्यावर टेकली, हलकी, पीठ झटकल्यासारखी.

मी वळले. ते आईकडे बघत होते.

‘अशी,’ त्यांनी सांगितलं.

आईला ही खूण समजावून सांगावी लागली नाही.

सांगलीच्या स्टँडवर आई पदरात तोंड घालून बसली होती. अण्णा गाडीची चौकशी करायला गेले होते. मी उसाच्या रसाच्या गाड्याकडे बघत उभी होते. माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकली.

मला वाटलं, अरविंदराव आले. मी वळले तर धनू. माझ्या भावानं मला जन्मात पहिल्यांदा त्या रीतीनं बोलावलं.

तो बोलायला लागला. ‘माझं तिच्यावर प्रेम होतं. एक खोटं होतं, बाकी सगळं खरं होतं. मी तुझ्याशी बोललो असतो. रोज बोललो असतो, तिच्यामुळे का होईना. तुला बोलणारं घर मिळालं असतं. तू ते जाळलंस. आता तुला मेलेली समजेन. तू मरेपर्यंत तुझ्यासाठी माझा हात उठणार नाही. बोल आता पोत्यांशी.’

त्याची नजर माझ्या तोंडावर होती. एकदाही खाली गेली नाही. खुणा झरझर येत होत्या, कुठंही अडखळणं नाही, शोधणं नाही. भुवया, गाल, दात, सगळं बोलत होतं. अर्धं वाक्य तोंडावर असतं हे मी त्याला किती वेळा सांगितलं होतं. घासून घासून जे आलं नव्हतं ते रागानं एका दुपारीत आलं.

मी काय म्हणावं? मी म्हटलं, ‘आता आली तुला भाषा.’

त्यानं दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घातले.

धनूनं शब्द पाळला. पुढे त्याचं लग्न झालं, विट्याची मुलगी केली, ती घरात मला पाटीवर लिहून विचारते, भाकऱ्या किती. मुलं झाली. त्यांना कुणी काही शिकवलं नाही. मी रविवारी सांगलीला जाते. अरविंदराव होते तोवर त्यांच्या घरी आणि आता बहिऱ्यांच्या संघाच्या खोलीत मी ही भाषा शिकवते. विशी-बाविशीची पोरं येतात, ऐकणारी. कुणाला दुभाष्याची नोकरी हवी असते, कुणाचं प्रेम बसलेलं असतं, कुणाला पुण्य मिळवायचं असतं. एखादा म्हणतो, बहिणीशी बोलायचंय. मी कुणाला नाही म्हणत नाही. माणूस कशासाठी शिकायला आलाय याची भाषेला पर्वा नसते. मी एवढंच बघते, त्याची नजर कुठं आहे.

लोक विचारतात, वाईट वाटतं का. शलाकानंही विचारलं होतं एकदा. जे सांगितलं त्याचं वाईट वाटत नाही, पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच सांगेन. पण पोत्यांवरच्या त्या दुपारी मला आठवतात. त्या खोट्या होत्या, पण माझ्याकडे दुसऱ्या नाहीत.

आई गेली त्या सकाळी मी गिरणीत जात्याचा दगड साफ करत होते. मानेवर जोंधळ्याचे दाणे आले. मी वळले.

दारात धनू होता. भुवयांवर पीठ, आणि आता त्याखालचे केसही पांढरे. उरलेले दाणे त्यानं खाली सोडले. त्याचे ओठ थरथरत होते, पण त्यावर काही वाचता येत नव्हतं.

‘काय झालं?’ मी हातांनी विचारलं.

त्याला कळलं. एकदा आलेली भाषा माणूस विसरत नाही. त्याचा उजवा हात थोडासा उचलला गेला, छातीपर्यंत आला. मी त्या हाताकडे बघत राहिले, नवशिक्यासारखी.

मग तो हात खिशात गेला. त्यानं घराकडे मान झटकली.